मुरलेलं काही नको

कस्तुरे डॉक्टरांच्या छापील यादीत
पहिलं नाव होतं जुन्या चीजचं.
साखर पेठेतल्या आमच्या बोळात
ते अजून कुणी पाहिलेलं नाही.
दुसरी लाल वाइन, तिसरं सलामी की काय.
भूदेवी कागद बघून हसली,
दोन वर्षं आणि वर काही महिन्यांनी.
माग बंद होता, वीज गेली होती,
म्हणून ते हसू मला ऐकू आलं.

मग कागदाच्या पाठीवर आमची यादी केली,
अर्धी मराठीत, अर्धी तेलुगूत.
सुकट, म्हणजे रजियाभाभींची वाटी बंद.
बोंबील.
शिंदी. ती पीत नाही, पण तिचा भाऊ मल्लेशम
पितो, आणि आग्रह करतो.
आंबवलेली आंबील. काळी पडलेली केळी.
पापडीपुढे डॉक्टरांनीच प्रश्नचिन्ह काढलं,
म्हणाले, पुस्तकातली शेंग वेगळी, आपली वेगळी,
विचारून सांगतो.
शेंगाचटणीचं मी दोनदा विचारलं.
चालते, म्हणाले. दोनदा.
सात रस्त्यावरून घरी येताना मी शीळ घालत होतो.

लोणच्यापाशी पेन थांबलं.

कारण गोळीनं आधी काय परत आणलं,
तर जीभ.
त्याआधी ती कडक भाकरी मोडायची
आणि मोडतच राहायची,
ताटात नुसता चुरा.
चौथ्या आठवड्यात एका दुपारी
विड्यांचं सूप मांडीवरून उतरवून म्हणाली,
"अहो, आवकाय आहे का हो घरात?"
होतं.
तिच्या आईच्या हातचं, तीन उन्हाळे मुरलेलं,
बरणीच्या तोंडाला आमच्याच मागावरचा टॉवेल.
दोन वर्षं मी वाट पाहिली
की हिनं एकदा काहीतरी मागावं,
मीठ मागावं, भांडण मागावं.
आणि मागितलं ते हे.
संपलं, म्हणालो.
बरणी रिकाम्या बिमांच्या मागे सरकवली होती.
त्या एका फोडीनं मान ठणकते म्हणे,
डोक्याच्या मागे घण पडतात,
रक्त असं चढतं की हातपंप्याचं यंत्र
मोजायच्या आत माणूस आडवा.
मी हे तिला सांगितलं नाही.
डॉक्टरांनी सांगितलं होतं, मला वाटलं ती ऐकत नव्हती.

गड्ड्याच्या जत्रेत धूळ, त्यात सुताची किणी,
खोकला लागला तिला.
मी रंगाच्या कारखान्यात होतो,
ती एकटीच गेली हिरेमठांच्या दुकानात.
काउंटरवर नवा पोरगा,
त्यानं खोकल्याची गुलाबी बाटली पुढे केली, सुटे परत दिले.
ही हलली नाही.
पदराच्या गाठीतून कागद काढला,
चौघडी झालेला, तंबाखूचा वास येणारा,
आणि म्हणाली, "दादा, माझ्या गोळीला हे चालतं का,
नीट बघून सांग."
पोरानं हिरेमठांना हाक मारली.
हिरेमठांनी चष्मा लावून दोन्ही नावं वाचली
आणि बाटली फळीवर परत ठेवली.

हे मला हिरेमठांनी सांगितलं, दोन दिवसांनी, सहज.
मी तिथंच पायरीवर बसलो.
या बाईमुळे दोन वर्षं घरात
उंदरांचं औषध आणलं नव्हतं मी,
उंदरांनी दोन पेट्या सूत कुरतडलं तरी.
नीट बघून सांग, म्हणाली.

आता चैत्र. चाळीसच्या वर गेलंय.
मी ताजी कैरी चिरतो,
तिखट, मीठ, कच्चं तेल,
आजचं आज, उरलं तर शेळीला.
काल खाता खाता म्हणाली,
"बरणी बिमांच्या मागे आहे, ठाऊक आहे मला.
राहू दे तिथंच."
मी ताटाकडे बघत राहिलो.
तिनं बोटानं मीठ टिपलं, चाटलं,
आणि विचारलं,
"पापडीचं काय ठरलं मग?"